बांध, उघाडी आणि धारण तलाव : नवी मुंबईच्या खाडीकाठाचा इतिहास

वाशीच्या खाडीपुलापासून बेलापूरपर्यंतच्या नवी मुंबईच्या काठावर आज उंच इमारती आणि रुंद रस्ते दिसत असले, तरी त्यातील बरीच जमीन उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरतीचे पाणी या जमिनीवर पसरत नाही आणि पावसाचे पाणी तिच्यावर फार काळ तुंबून राहत नाही, याचे श्रेय काठालगतच्या बांधांना, झडपांना आणि धारण तलावांना द्यावे लागते. ही रचना शहर वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीवरून घेतली, एवढे नवी मुंबईकरांना साधारणपणे ठाऊक असते. परंतु त्याच जमिनीवर तशाच तत्त्वाची व्यवस्था शहर येण्यापूर्वी कित्येक पिढ्या नांदत होती आणि ती चालवणारी माणसे याच गावांतली होती, हा इतिहास मात्र शहराच्या स्मरणात राहिलेला नाही.

नेदरलँड्समधील कालव्यांच्या शहरांत वाटाड्याबरोबर पायी फिरण्याची जी प्रथा आहे, तिचा विषय वरवर पाहता जुनी घरे आणि पूल हा असला, तरी तिच्या मुळाशी पाण्याच्या पातळीची गोष्ट असते. आम्स्टेल नदीवरच्या बांधाभोवती उभे राहिलेले आम्स्टरडॅम, १६१३ पासून खोदले गेलेले तिथले अर्धवर्तुळाकार कालवे, चिखलात ठोकलेल्या १३,६५९ लाकडी खांबांवर उभा असलेला सतराव्या शतकातील नगरभवनाचा वाडा, या प्रत्येक ठिकाणी खालची जमीन किती भुसभुशीत आणि किती खोलगट आहे, हे पाहुण्याला सांगितले जाते. १६८४ मध्ये नगराध्यक्ष योहानेस हुडे यांनी शहराच्या पाणदरवाज्यांवर पाण्याची पातळी दाखवणारे आठ दगड बसवले. त्यांपैकी एक आजही जागेवर आहे, आणि त्यातूनच पुढे रूढ झालेल्या मापावरून त्या देशातील उंची मोजली जाते. त्याहूनही जुनी आहे ती पाणी-मंडळांची परंपरा. बांधाच्या आश्रयाने राहणाऱ्यांनी एकत्र येऊन कर भरायचा, बांधाची पाहणी करायची आणि दुरुस्तीत कुचराई करणाऱ्याला दंड करायचा, ही पद्धत तिथे तेराव्या शतकापासून चालत आली असून ही मंडळे आजही निवडणुकीने चालतात. कालव्यांचे सौंदर्य या शिस्तीवर उभे आहे.

कोकणच्या उत्तर भागात या शिस्तीचे स्वतःचे रूप होते. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाडीकाठच्या दलदलीला खाजण म्हणतात आणि बांध घालून समुद्रापासून तोडलेल्या जमिनीला खार. मातीचा बांध घालायचा, तो लाटांनी धुपू नये म्हणून खाडीच्या बाजूने दगड रचायचे आणि त्याच्या सखल जागी उघाडी ठेवायची, अशी खारीची बांधणी असे. उघाडी म्हणजे बांधातला झडप असलेला दरवाजा : भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते, ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी झडप ढकलून खाडीत निघून जाते. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन गेले की चिखल करून त्यात मोड आलेले भात फेकायचे, या पेरणीला रहू म्हणतात. खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची जात हे इथल्या शेतकऱ्याचे मोठे धन होते आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पुढे काढलेली 'पनवेल-१' ते 'पनवेल-३' ही वाणे याच गरजेला दिलेले उत्तर आहे. जिथे भात घ्यायचे नाही तिथे हेच तंत्र उलटे वापरले जाई. उधाणाचे पाणी मुद्दाम आत घेऊन, वाफ्यावाफ्यांतून फिरवून, उन्हाळ्यात मीठ पिकवले जाई. पनवेल-उरणच्या मिठागरांवर आणि खारींवर आगरी समाजाचे जीवन उभे होते आणि खाडीवर कोळ्यांचे.

अशा बांधाचा खर्च एकट्यादुकट्या शेतकऱ्याला झेपणारा नव्हता, कारण एका ठिकाणी खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की संपूर्ण खारीत खारे पाणी शिरून काही वर्षे पीक हाती लागत नसे. म्हणून जुन्या कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः पेणच्या बाजूला, शिलोत्री नावाची पद्धत होती, जिच्यात बांध घालणारा आणि राखणारा शिलोत्रदार खारीतल्या कुळांकडून दुरुस्तीसाठी धान्याचा ठरावीक वाटा घेई. या पद्धतीत पिळवणूकही होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु बांध कोणी राखायचा, या प्रश्नाला तिच्यात उत्तर होते. ब्रिटिश काळाच्या अखेरीस जमीनदारी ढासळत गेली, पाठोपाठ कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, आणि बांधाची जबाबदारी मात्र मध्येच लोंबकळत राहिली. १९४८ चा खारभूमी कायदा आणि त्यानंतर १९७९ चा खारभूमी विकास कायदा हे दोन्ही ती पोकळी भरून काढण्याचे सरकारी प्रयत्न होत.

या दोन कायद्यांच्या मधल्या काळात मुंबईच्या पूर्वेला नवे शहर वसवण्याची कल्पना पुढे आली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात ती मांडली, १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित झाले. त्यात खारी होत्या, मिठागरे होती आणि खाजणेही होती. ही सगळी सखल जमीन उधाणाच्या वर येईल इतका भराव घालायचा, तर त्यासाठी अफाट माती आणि मुरूम लागला असता. म्हणून भराव मर्यादित ठेवून डच धर्तीचे धारण तलाव, ज्यांना सगळे शहर होल्डिंग पाँड म्हणते, ते खोदण्यात आले. नाल्यांतून आलेले पावसाचे पाणी भरतीच्या काळात या तलावात थोपवून धरायचे आणि ओहोटी लागताच झडपांतून खाडीत सोडायचे, एवढेच त्यांचे काम. डच भूमीत पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि पाणी सतत उपसावे लागते, तर इथे सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, पण सुमारे साडेबारा तासांच्या चक्राने खाडी उतरते आणि पाण्याला आपोआप वाट मिळते. धारण तलाव ही मोठ्या आकाराची उघाडीच आहे, असे म्हणण्यात मुळीच अतिशयोक्ती नाही. बांधावरचा आगरी शेतकरी ते यंत्र पाहून चकित झाला नसता.

तरीही त्या शेतकऱ्याला या रचनेत स्थान मिळाले नाही, आणि हा या इतिहासातला सर्वांत वेदनादायी भाग आहे. भूसंपादनाच्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जमिनीचा हिशेब त्यामुळे काही प्रमाणात झाला, पण पाण्याच्या ज्ञानाचा हिशेब कधीच झाला नाही. कोणत्या उघाडीतून कोणत्या गावचे पाणी जाते, कोणता बांध कुठे कच्चा आहे, हे ज्या गावकीला ठाऊक होते तिच्याशी शहराचा संबंध प्लॉटच्या व्यवहारापुरता उरला.

त्याचे परिणाम काठावर उघड दिसतात. भरतीबरोबर येणारा गाळ तलावांत साचत गेला, गाळावर कांदळवन उगवले, आणि कांदळवनाला न्यायालयाचे संरक्षण असल्याने गाळ काढणे ही साधी दुरुस्ती राहिली नाही. कांदळवन तोडू नये हे योग्यच आहे, कारण तेही किनाऱ्याचा बांधच आहे. पण गाळ वेळच्या वेळी निघत गेला असता तर ही अडचण उभीच राहिली नसती. डच पाणी-मंडळांपासून घेण्यासारखी गोष्ट झडप नव्हती, दरवर्षी बांधाची पाहणी करण्याचा नियम होता, आणि बांध राखण्याची स्वतःची रीत इथल्या खारींतही होती. शहराने तंत्र दुरून आणले आणि ते सांभाळण्याची घरची रीत मोडू दिली, असाच निष्कर्ष या इतिहासातून निघतो.

हा काठ आजही पायी पाहता येतो. बेलापूरच्या किल्ल्याच्या अवशेषांपासून निघून, नेरूळमध्ये उद्यान झालेल्या धारण तलावाच्या आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांनी भरणाऱ्या पाणथळींच्या कडेने, वाशीच्या सागर विहारपर्यंत जाणाऱ्याला शहर कसे तरले आहे हे डोळ्यांनी पाहता येते, पण ते सांगणारा एकही फलक वाटेत भेटत नाही. महापालिकेने आणि सिडकोने प्रत्येक धारण तलावाच्या काठी उधाणाची पातळी दाखवणारा दगड बसवावा आणि त्यावर तिथल्या जुन्या खारीचे नाव कोरावे. ती नावे, उघाड्यांच्या जागा आणि बांधाच्या रीती ठाऊक असलेली वडीलधारी माणसे करावे, सारसोळे, दिवाळे, शहाबाज या गावांत अजून भेटू शकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आणि स्थानिक महाविद्यालयांनी त्यांच्याकडून हे सारे येत्या काही वर्षांतच लिहून घ्यावे.