पडका बुरूज आपोआप पडलेला नसतो

मंडळी, सुट्टीचा दिवस आला की आपल्या कागल पंचतारांकित एमआयडीसीतली पोरं गाड्या काढतात. कुणी पन्हाळ्याला, कुणी सामानगडाला, कुणी गारगोटीकडनं भुदरगडाला. संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसला पडका बुरूज, तटातून उगवलेलं झाड आणि मागं ढग. फोटो भारी असतात, नाव ठेवायला जागा नाही. आठवडाभर पत्र्याच्या शेडखाली शिफ्ट करणाऱ्याला, जिथं कुणी हजेरी घेत नाही अशी जागा ओढणारच.

पण त्या फोटोतला बुरूज पडला कसा, हे कधी विचारलंय का? "जुना झाला, पडला" असं उत्तर मिळतं. पाऊसवाऱ्याचा वाटा आहेच. पण आपल्या भागात या पडझडीला एक साल आहे : १८४४.

तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन महाराज होते. कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती. किल्ले राखायला गडकरी असायचे. वंशपरंपरेनं गड सांभाळायचा आणि त्याबदल्यात जमीन कसून खायची, अशी ही व्यवस्था. नव्या कारभारात त्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली गेल्या. म्हणजे पोटावरच पाय आला. सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले, मग भुदरगड उठला. बेळगावहून फौज आली. १३ ऑक्टोबरला सामानगड पडला, १ डिसेंबरला पन्हाळा.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. पुन्हा कुणी आत जमून उठू नये, म्हणून इंग्रजांनी या गडांची तटबंदी पाडून टाकली. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच गेला. आज आपण गाडीनं वर जातो ती वाट त्याच जागेवरनं जाते. तीन दरवाजा आणि अंबरखाना उभे आहेत, त्यावरनं गेलेलं काय तोलाचं असेल याचा अंदाज येतो.

गंमत बघा. त्याच इंग्लंडात त्याआधीच्या शतकात श्रीमंतांना पडक्या किल्ल्यांचं वेड लागलं होतं. खरा किल्ला नसला तर खोटा बांधायचे! बाथ शहराजवळच्या टेकडीवर १७६२ साली राल्फ ॲलन या धनिकानं किल्ल्याची नुसती दर्शनी भिंत उभी केली. मागं काहीच नाही. घरातनं बघायला छान दिसावी, एवढ्यासाठी. तिथं शोभेसाठी पडका किल्ला बांधला आणि इथं नांदते किल्ले पाडले.

म्हणून पडका बुरूज नुसता "लोकेशन" नाही. जमीन गेलेल्या माणसांनी "नाही" म्हटलं, त्याची ती शिक्षा आहे. आणि त्याच बुरुजावर आपलीच पोरं ऑइलपेंटनं नावं लिहितात, फोटोत उभं राहायला जागा पाहिजे म्हणून सुटे दगड ढकलतात. इंग्रजांनी अर्धवट ठेवलेलं काम आपण पूर्ण करायचं काय?

जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याला जागतिक वारशाचा मान मिळाला, १२ किल्ल्यांत त्याचं नाव आलं. तिथं केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सामानगड, भुदरगड त्या बारांत नाहीत. त्यांच्याकडं लक्ष ठेवायचं तर ते आपणच.

आणि ते काम फोनवर होतं. दरवर्षी एकाच जागेवरनं तोच तट टिपा आणि तारीख जपून ठेवा. उद्या दगड हलला, भिंत ढासळली तर तक्रारीला तो फोटोच पुरावा होईल. आणि स्टेटस टाकताना खाली गडकऱ्यांचं नाव आणि १८४४ एवढं लिहा. बघणाऱ्यातला एखादा तरी विचारेल, "त्या साली काय झालं होतं रे?"

पटलं तर पुढं पाठवा.