तबकडीवरील नाव : मुंबईतील जॅझ आणि संग्राहकांचे श्रवण

जॅझ या संगीताचा इतिहास मुख्यतः ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून लिहिला गेला आहे, आणि हे त्या संगीताच्या स्वरूपाला धरूनच झाले. युरोपीय अभिजात संगीतात स्वरलिपी हा मूळ ग्रंथ आणि वादन हे त्याचे वाचन होय. जॅझमध्ये वादक दिलेल्या चालीवर आयत्या वेळी जे रचतो, तेच मूळ. कागदावर ते कोठेच नसते. एखाद्या दिवशी ते मेणाच्या साच्यावर कोरले गेले, तर उरते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावणारी सुमारे तीन मिनिटे एवढाच काय तो पुरावा. साहजिकच, ज्यांच्यापाशी तबकड्या होत्या ते हौशी संग्राहकच या संगीताचे पहिले इतिहासकार ठरले.

जॅझची पहिली म्हणून ओळखली जाणारी तबकडी १९१७ साली निघाली. पुढे पॅरिस येथे १९३२ मध्ये 'हॉट क्लब' स्थापन झाला आणि त्याच वर्तुळातील शार्ल देलोने याने १९३६ मध्ये तबकड्यांची सूची प्रसिद्ध केली. तबकडीच्या कागदी चकतीवर बहुधा ताफ्याच्या प्रमुखाचेच नाव छापलेले असे. बाकीचे वादक कोण, हे देलोनेला विचारून, ताडून आणि ऐकून ठरवावे लागले. लंडनमध्येही १९३३ पासून संग्राहकांची मंडळे निघाली. एकाने तबकड्या आणाव्यात व क्रमाने लावाव्यात, इतरांनी ऐकून तुतारी कोणाची व पियानो कोणाचा याचा वाद घालावा, अशी ती रीत. वरवर करमणुकीची वाटणारी ही बैठक वस्तुतः पाठचिकित्सेची शाळा होती. एकाच दिवशी एकाच चालीचे दोनतीनदा मुद्रण होई, आणि साच्याच्या क्रमांकावरून त्यांतील पाठ वेगळे करता येत. जुन्या काव्याच्या पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्यास ही पद्धत परकी वाटू नये.

मुंबईला हे संगीत तबकडीच्या आणि प्रत्यक्ष वादनाच्या, अशा दोन्ही वाटांनी आले. १९३५ मध्ये लिऑन ॲबे हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा तुतारीवादक तेथे वाजवू लागला व १९३६ साली त्याच्या ताफ्याचे मुद्रणही मुंबईत झाले. हाच स्मिथ १९१३-१४ मध्ये जेम्स रीस युरोप याच्या वाद्यवृंदातून तबकड्यांवर उतरला होता. म्हणजे 'पहिल्या' जॅझ तबकडीहूनही जुना वादक अपोलो बंदरावर वाजवीत होता. या दोन टोकांतील धागा कोणत्याही सरकारी दप्तराने जपलेला नाही. तो तबकड्या गोळा करणाऱ्यांनी जुळविला.

गोव्याहून आलेल्या वादकांचे शिक्षण चर्चच्या संगीतशाळांत झालेले असल्यामुळे स्वरलिपी त्यांना सहज वाचता येई. परंतु जॅझमधील स्वराचा हेल व लय किंचित मागे रेलून धरण्याची ढब लिपीत येत नाही. बोलीतील हेल लेखनात येत नाही, त्यातलाच हा प्रकार. तो ऐकूनच उचलावा लागतो. गोव्यातील हळदोणे गावचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, याने लुई आर्मस्ट्राँगची शैली इतकी आत्मसात केली होती की त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी तबकडी दुर्मिळ झाली. अशा काळात एकाची तबकडी दहांनी ऐकणे ही केवळ रसिकता नव्हती, गरज होती. निरंजन झवेरी यांनी १९५२ मध्ये 'ब्लू ऱ्हिदम' हे जॅझविषयक नियतकालिक मुंबईहून काढले. १९७८ चा 'जॅझ यात्रा' महोत्सवही त्यांच्याच खटपटीचे फळ.

यापुढील प्रश्न मात्र अधिक बिकट आहे. हॉटेलांतील हेच वादक चित्रपटांच्या मुद्रणगृहांत गेले. मूळचे पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेटने काम केले. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये त्याचा ताफा पडद्यावरही दिसतो. पण चित्रपटगीताच्या तबकडीवर नावे असत ती चित्रपटाची, गायकाची व संगीत दिग्दर्शकाची. तुतारी कोणी वाजविली, वाद्यमेळ कोणी लिहिला, हे तेथे नसे. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जानने गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारून तबकडीवर ठेवले होते. १९४९ च्या 'महल'मधील गाण्याच्या तबकडीवर गायिकेऐवजी 'कामिनी' या पात्राचे नाव आले. लता मंगेशकरांचे नाव लौकरच चकतीवर आले. अरेंजर मात्र बाहेरच राहिले. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७७ च्या एका विनोदी चित्रपटगीतामुळे, आणि त्यांतील बहुतेकांना ते नाव खऱ्या माणसाचे आहे याची कल्पनाही नव्हती.

ग्रेगरी बूथ यांनी वृद्ध वादकांच्या मुलाखतींवरून लिहिलेला ग्रंथ २००८ मध्ये आला व नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जॅझवरील ग्रंथ २०१२ मध्ये. त्याच २०१२ साली गोन्साल्विस वारले. चिक चॉकलेट तर १९६७ मध्येच गेला होता. साक्षीदार कमी होत गेले, तसा संग्राहकाच्या कानावरील भार वाढला. हा कान प्रमाण मानताना सावधगिरी हवी. बैठकीत एकाने काढलेला तर्क दुसऱ्या बैठकीत माहिती म्हणून सांगितला जातो व तिसऱ्यांदा सूचीत छापला जातो. शिवाय संग्राहकाचा ओढा दुर्मिळाकडे. जी तबकडी घरोघर वाजली तिच्याकडे तो पाहतही नाही. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने श्रवणबैठकींना मुखपत्राची जोड दिली, म्हणजे ऐकलेले छापून तपासणीस खुले केले, हे तिचे मोल मोठे आहे. मात्र तिचा भर हिंदुस्थानी, नाट्य व चित्रपटसंगीतावर राहिला.

पुण्याच्या परिसरातच याच्या उलट उदाहरण आहे. गी पॉइटविन व हेमा राईरकर यांनी मुळशी तालुक्यापासून महाराष्ट्रभर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव टिपण्याची शिस्त पाळली. ओवी परंपरेची म्हणून तिला कर्ता नसतो, असे आपण सहज म्हणतो. तरीही मुळशीतील कोळवडे गावी दळताना गाइलेली ओवी कोणाच्या तोंडची हे आज सांगता येते. मुंबईत वेतन घेऊन, यंत्रासमोर उभे राहून वाजविलेली तुतारी कोणाची, हे सांगण्यासाठी दहा माणसांना एकत्र बसून तीच तबकडी पुन्हा लावावी लागते.