पुढचा टायर

"मामा, पुढे-मागे एकाच नक्षीचा टाकू ना! त्या चार रेघांनी काय होतंय?" भाच्याचा प्रश्न. घरची जुनी बुलेट ३५० आता तो चालवणार, रोज घाटातून. पुढच्या टायरच्या रेघा शाबूत होत्या, पण कडेला तडे गेलेले आणि अंकांत २००९ साल. (टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ही पद्धत २००० सालापासूनची.) टायर बदलायचा हे नक्की होतं. कुठला, हा वाद.

हवेचा टायर म्हटलं की आपण डनलॉपचं नाव घेतो. बेलफास्टमधल्या या स्कॉटिश गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी खटपट केली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पण रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच तसं पेटंट घेतलेलं होतं! लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने घोडागाड्यांवर हवेची चाकं चालवूनही दाखवली. तेव्हा सायकलीच नव्हत्या, मोटारी तर दूरच, त्यामुळे लोक विसरले. पुढे थॉमसनमुळेच डनलॉपचं पेटंट रद्द झालं. बिचारा थॉमसन, चाळीस वर्षं लवकर जन्मला.

१८९० मध्ये वेल्च नावाच्या इंग्रजाने टायरच्या कडेत तार घालून तो रिमवर बसवायची युक्ती काढली. आजही पंक्चरवाला दोन लोखंडी पट्ट्या घालून टायर सोडवतो, तो त्या तारेशीच झगडत असतो.

सुरुवातीचे टायर गुळगुळीत आणि पांढुरके असायचे. काजळी मिसळल्यावर रबर कितीतरी पट टिकू लागलं, म्हणून टायर काळे झाले. ओल्या रस्त्यावर घसरतात म्हणून नक्षी आली. आणि इथे मोटारसायकलची वाट वेगळी झाली. मागचं चाक गाडी ढकलतं, त्याला रस्ता धरून रेटायला ठोकळे हवेत. पुढचं चाक ढकलत नाही. त्याने वळायचं आणि थांबवायचं. म्हणून त्याला चाकाभोवती फिरणाऱ्या सरळ रेघा दिल्या. त्या आडवं घसरणं रोखतात, आणि पाणी खाचांत शिरून वाट मोकळी होते. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, बहुतेक काम पुढचं चाकच करतं. मागचं घसरलं तर माणूस कधीकधी सावरतो. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. भाच्याला मी एवढंच सांगितलं, तो गप्प झाला.

(रेघांचा एक तोटाही आहे. काँक्रीटच्या रस्त्यावर उभ्या खाचा असल्या की गाडी थोडी वळवळते. घाटातल्या डांबरावर त्याचं काही नाही.)

आपल्याकडचा इतिहासही मजेशीर. एमआरएफ १९४६ मध्ये मद्रासच्या तिरुवोट्टियूरला खेळण्यातले फुगे बनवायची. त्याच तिरुवोट्टियूरला पुढे बुलेटचा कारखाना आला. सिएट तर मुळात इटलीतल्या तोरिनोची विजेच्या केबलची कंपनी, नावातला शेवटचा 'ट' त्या शहराचाच. पुढे ती भांडुपला टायर बनवू लागली. फुगेवाले आणि केबलवाले, आपण त्यांच्या भरवशावर घाट उतरतो!

असो. माप मात्र बदलायचं नाही, यावर मी ठाम होतो. ३.२५-१९, म्हणजे सव्वातीन इंच रुंद आणि १९ इंचांच्या रिमचा. रुंद टायरने गाडी रुबाबदार दिसते, पण वळायला जड होते. दुकानदाराने आधी स्वस्तातला, दोन वर्षं पडून असलेला पुढे केला. आकडे वाचून परत दिला. दुसरा आणला, रेघांचाच, तीन महिन्यांपूर्वीचा. कडेवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण भाच्याने स्वतः तपासला. ट्यूबही नवी टाकली.

पहिले शे-दोनशे किलोमीटर हळू चालव, नव्या टायरवर गुळगुळीतपणा असतो, एवढं बजावून किल्ली दिली.