दोन लाटांच्या मधला सिंहगड

रविवार, २१ नोव्हेंबर २०२१. पहाटेचे साडेपाच वाजलेत आणि तुम्ही स्वारगेटला हात चोळत उभे आहात. एसटी स्थानकात लाल गाड्या ओळीने उभ्या आहेत, पण एकीचंही इंजिन चालू नाही. कर्मचाऱ्यांचा संप आहे. मेट्रोसाठी खणलेल्या भागाभोवती पत्रे ठोकलेत. पत्रे दिसले की अजूनही पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पेठांतल्या गल्ल्यांच्या तोंडाशी असेच पत्रे आणि बांबू लागले होते, आणि पलीकडच्या आत्याला जेवणाचा डबा पोचवायला तुम्हाला बंदोबस्तावरच्या पोलिसाची मनधरणी करावी लागली होती.

पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची बाटली, एक जादा शर्ट, सॅनिटायझर. मोबाइलमध्ये दोन्ही डोसचं प्रमाणपत्र. सिंहगडावर जायला ते लागत नाही हे ठाऊक असूनही तुम्ही ते दोनदा उघडून पाहिलंय. बाहेर पडायचं तर काहीतरी कारण आणि त्याचा कागद हवा, ही सवय इतक्यात सुटणारी नाही.

गडाकडे जाणारी पन्नास नंबरची सिटी बस यायला अवकाश आहे. तोवर याच जागी जरा मागे चला.

मार्च १८९७. स्वारगेट म्हणजे शहराचं टोक. पुढे शेतं आणि कात्रजकडे जाणारी धुळीची वाट. इथे झोपड्यांच्या रांगा आहेत आणि भोवती पहारा. हा सेग्रिगेशन कँप. तुमच्या शेजारी एक कुटुंब पोत्यावर बसलंय. म्हातारीला ताप आला, गोरे सोजिर घरात शिरले, म्हातारीची रवानगी प्लेगच्या इस्पितळात झाली आणि उरलेल्यांची इथे. मागे घर धुऊन काढलंय, भिंतींना चुना फासलाय, अंथरुणं जाळलीत. डॉक्टर एकेकाच्या काखेत आणि जांघेत बोटं घालून गाठ चाचपतो. बायकांचीही तपासणी होते, तीही कधी कधी भर रस्त्यात, आणि शहर आतून धुमसतंय. याच महिन्याच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीच्या रँडवर गोळी झाडली जाईल. तुमची पाळी येते. तुम्ही हात वर करता. कपाळावर धरायचं ते पिस्तुलासारखं यंत्र इथे नाही, बोटं आहेत, आणि ती गार आहेत.

हॉर्न वाजतो. बस आली.

‘मास्क वर घ्या,’ कंडक्टर म्हणतो, स्वतःचा हनुवटीवर ठेवून.

मागच्या सीटवर तुमची मंडळी आहेत: दर रविवारची, म्हणजे २०२० च्या मार्चपर्यंत दर रविवारची. ९ मार्चला राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले, नायडू हॉस्पिटलात दाखल झाले, आणि त्या आठवड्यातही ग्रुपवर ‘रविवारी नेहमीप्रमाणे’ असा मेसेज पडला होता. मग २२ तारखेचा जनता कर्फ्यू, २५ पासून टाळेबंदी, जुलैतली पुण्याची पुन्हा वेगळी कडक टाळेबंदी, ऑगस्टमध्ये सीओईपीच्या मैदानावर जम्बो हॉस्पिटल. मधे कधीतरी गड खुला झाल्याचं, मग बंद झाल्याचं, मग शनिवार-रविवारी पोलीस खालूनच परत पाठवत असल्याचं कानावर येत राहिलं. गडावर जाऊन आलेल्यांचे फोटो तुम्ही पाहिलेत आणि मनातल्या मनात त्यांना बेजबाबदार म्हटलंय. हेवाच होता तो.

बसमध्ये एक जागा कमी भरते. गेल्या एप्रिलमध्ये, जेव्हा रेमडेसिविरसाठी माणसं औषधांच्या दुकानांपुढे रात्रभर उभी होती, तेव्हा तुमच्यातला एक जण गेला. त्याचा नंबर ग्रुपमध्ये अजून आहे. काढायचा कोणी, हा प्रश्न आहे. सर्वांत उशिरा वर पोचेल त्याने सगळ्यांच्या भज्यांचे पैसे द्यायचे, हा नियम त्याचा होता, आणि बहुतेक वेळा तोच पैसे द्यायचा.

विठ्ठलवाडी, हिंगणे, आनंदनगर, धायरी फाटा. सिंहगड रोडबद्दल एवढंच सांगतो की पहाटे सहालाही तो तुंबू शकतो. नांदेड सिटी मागे पडते, खडकवासल्याचं पाणी उजाडताना शिशासारखं दिसतं, आणि डोणज्याच्या पुढे अचानक तो समोर येतो, माथ्यावर टीव्हीचा मनोरा रोवलेला. बसमध्ये कोणी बोलत नाही. मग एकजण म्हणतो, ‘आहे बुवा जागेवर,’ आणि सगळे गरजेपेक्षा जास्त हसतात.

आतकरवाडीतून चढायला लागता. पहिल्याच चढाला तुमचं तुम्हाला कळतं की घराच्या गच्चीत मारलेल्या फेऱ्या ह्या फेऱ्याच होत्या. पुणेकराला सिंहगड किती उंच हे विचारलं तर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर हे उत्तर क्वचितच मिळेल. तो आपण किती मिनिटांत चढतो ते सांगेल, त्यातली पाच मिनिटं खोटी असतील. आज घड्याळाकडे कोणी बघत नाही. ज्याला कोविड होऊन गेलाय तो दर वळणावर थांबतो, आणि ज्याला झाला नाही तो त्याच्या निमित्ताने थांबतो. मास्क खिशात गेलेत. वाळायला लागलेल्या गवताचा वास थेट नाकात शिरतो. बऱ्याच महिन्यांनी तुम्ही वास घेताय आणि ‘येतोय ना वास?’ म्हणून तपासत नाही आहात.

वाटेत ताकवाल्या बसतात त्या जागांपैकी निम्म्या रिकाम्या आहेत. चुलीचे दगड मात्र तसेच, काळे.

पुणे दरवाजा एक नाही, एकामागोमाग एक तीन आहेत. इथे मी तुम्हाला १६७० सालात नेणार नाही. तिथे शाळेच्या सहलीने तुम्हाला नेलेलंच आहे, घोरपडीसकट. इतकंच बघा की या तीन दरवाजांचं कामच मुळी येणाऱ्याला अडवणं हे होतं. १८१८ च्या २ मार्चला, तोफांच्या माऱ्यानंतर, इंग्रजांनी किल्ला घेतला आणि अडवणारे बदलले. मग पुण्यातले गोरे साहेब एप्रिल-मे महिन्यांत उन्हाला कंटाळून वर येऊन राहू लागले. त्यांनी बंगले बांधले. लढाईचा किल्ला हवापालटाची जागा झाला तो तेव्हापासून. आपण आज ज्याला ‘आपला सिंहगड’ म्हणतो, ती सुट्टीची कल्पना तशी त्यांची, पिठलं-भाकरी आपली.

दही खायला बसता. मडकी छोटी, वर फडकं बांधलेलं. मावशी फडकं सोडते, चमच्याने वरची साय मोडून मडकं तुमच्या पुढ्यात ठेवते, साखर हवी का मीठ विचारते. मास्क तिनेही लावलाय, पदराखाली.

‘लई दिवसांनी आला.’

ओळखलं की नाही कोण जाणे, हे वाक्य ती सगळ्यांना म्हणत असणार. तरी बरं वाटतं. बंदीत काय केलंत, तुम्ही विचारता. दूध होतं, ती म्हणते, पण घ्यायला माणूस नव्हता. तूप कढवलं, वासरांना पाजलं. थोरला शहरात हॉटेलात होता, तो घरी आला, त्याने यंदा भात लावला. वर कोणी नाही तर वानरं खाली वाडीत उतरली. ‘त्यांचं बी पोट तुमच्यावरच की.’

ती हे हसत सांगते. तुम्ही दोन वर्षं ‘गडाची आठवण’ काढत होतात. तिचं तेवढ्या काळात उत्पन्न बुडालं होतं. तुमची सुट्टी ही तिची नोकरी आहे. या दोन गोष्टी एकाच मडक्यात मावतात हे तुम्हाला आधी कधी सुचलं नव्हतं, कारण तुम्ही नेहमी घाईत असायचात. मडक्याची अनामत परत घेताना तुम्ही ती ‘राहू द्या’ म्हणता. ती हातात कोंबते. पुण्याईचं काम करायला आलेल्या गिऱ्हाइकाला कसं परतवावं हे तिला पक्कं ठाऊक आहे.

देवटाक्याचं पाणी पिऊन टिळक बंगल्याकडे वळा. बंगला साधा आहे, उतरतं छप्पर, समोर अंगण. मंडळी फोटो काढताहेत. तुम्ही जोत्यावर टेका. आता जरा लांब जायचंय.

ऑक्टोबर १८९८. कालच तुम्ही पुण्याहून निघालात, मुठेच्या काठाने टांग्यात हाडं खिळखिळी करत. खडकवासल्याचं धरण तेव्हा वीस वर्षांचंही झालेलं नाही, त्याचा दगड अजून नवा दिसतो. डोणज्यापासून चालत. साहेबांचे बंगले कुलूपबंद आहेत, त्यांचा मोसम उन्हाळ्याचा. उतारावर सोनकी फुललीय आणि वाऱ्याशिवाय एकच आवाज येतोय: अडकित्त्याचा. ओसरीवर बेचाळीस वर्षांचा एक माणूस सुपारी कातरत बसलाय. तब्येत उतरलेली, मिशा तेवढ्या शाबूत.

गेल्या वर्षीच्या साथीत हा माणूस शहरातच राहिला. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्याने ‘केसरी’तून धारेवर धरलं, हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करायला धडपडला. रँडच्या खुनानंतर त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, १४ सप्टेंबर १८९७ ला दीड वर्षाची सक्तमजुरी. सुटका मुदतीआधी झाली, ६ सप्टेंबर १८९८ ला. मॅक्स म्युलरसारख्या माणसांनी रदबदली केली होती. सत्कार-समारंभात भाग घ्यायचा नाही, ही अट. विंचूरकर वाड्यात पुणं लोटलं. त्यानंतर टिळक इकडे आले, दोनेक महिन्यांसाठी. तुरुंगातली हवा आणि प्लेगातलं शहर, दोन्ही अंगातून काढून टाकायला सिंहगडासारखं औषध नाही, हे त्यांना तुमच्याआधी सव्वाशे वर्षं कळलेलं होतं.

जवळ जा. ते वर बघत नाहीत. तुरुंगात म्युलरने पाठवलेला ऋग्वेद वाचताना एक कल्पना त्यांच्या डोक्यात शिरलीय: आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे असावं. पुढे १९०३ साली तिचं पुस्तक निघेल. पंडित त्यावर भांडतील, आणि तो सिद्धांत टिकणार नाही. माझं विचाराल तर त्या पुस्तकापेक्षा मला ते जिथून सुरू झालं ती जागा जास्त बोलकी वाटते. कोठडीत डांबलेल्या माणसाने सहा-सहा महिन्यांच्या रात्रीनंतर उगवणाऱ्या पहाटेचा विचार करत राहावं!

तुम्हाला काही सांगावंसं वाटतं. येत्या डिसेंबरात ते मद्रासच्या काँग्रेसला जातील, पुढे सिलोनलाही, हे सांगता येईल. पण ते तर त्यांना ठरवायचंच आहे. जे ठाऊक नाही ते वेगळं आहे: साथ संपलेली नाही. ती पुण्यात परत येणार आहे, पुढच्या वर्षी, आणि त्यानंतरही पुन्हा पुन्हा. १९०३ साली तीच साथ त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ याला नेणार आहे. ओसरीवरच्या माणसाला वाटतंय की वाईट काळ मागे पडला. सोनकी फुललीय, अंगात ताकद येतेय, असं वाटणारच.

तुम्ही बोलत नाही. तुम्ही तरी काय दिवे लावलेत? १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे मांजरीहून लशीचे ट्रक निघाले, नारळ फुटले, आणि तुम्ही टीव्हीपुढे टाळ्या वाजवून म्हणालात, सुटलो. तीन महिन्यांत एप्रिल उजाडला.

‘अरे, उठ! पिठलं गार होतंय.’

भाकरी, पिठलं, कांदा, ठेचा. भजी आली आहेत. पैसे कोण देणार यावर नेहमीसारखी हुज्जत होत नाही. सगळे एकदमच पोचले होते. शेवटी प्रत्येक जण आपापले देतो आणि नियम मोडल्याची बोच कोणी बोलून दाखवत नाही. एक प्लेट जास्तीची मागवलेली असते. ती थोड्या वेळाने संपते, कारण भजी आहेत.

अकरापर्यंत गड भरतो. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंत गाड्यांची रांग लागल्याचा फोन येतो. आणि आता ऐका. दीड-दोन वर्षं माणसांच्या दर्शनाला आसुसलेला तुमचा मित्र भुवया आक्रसतो: ‘रविवारी यायची सोय नाही राहिली. काय ही गर्दी!’ दुसरा म्हणतो, खासगी गाड्याच बंद करा, बस ठेवा. (पुढच्या मे महिन्यात खरंच ई-बस सुरू होईल, आणि थोड्याच दिवसांत गुंडाळली जाईल.) तिसऱ्याचं मत की सोमवारी येत जाऊ. बंदी उठल्याची याहून पक्की खूण पुण्यात मिळायची नाही. पलीकडे मावशी मडकी मोजतेय आणि गर्दीकडे तिची तक्रार अजिबात नाही.

उतरायला लागता. ज्या बातमीला यायला अजून पाच दिवस आहेत ती तुम्हाला कळायचं कारण नाही: शुक्रवारी, २६ तारखेला, याच विषाणूच्या एका नव्या प्रकाराचं नाव सगळीकडे झळकेल, ओमायक्रॉन, आणि जानेवारीत शहरातल्या घराघरांत पुन्हा खोकले ऐकू येतील. आज उन्हं छान आहेत. गुडघे दुखताहेत.

चढणाऱ्यांची रीघ लागलीय. घामाघूम झालेली एक मुलगी कठड्याला धरून थांबते, मास्क काढून वारा घेते आणि तुम्हाला विचारते, ‘काका, अजून किती राहिलंय हो?’

अर्धाही चढ झालेला नाही.

‘आलंच,’ तुम्ही सांगता. ‘दहा मिनिटं.’