तबकडीपासून ‘सिंक’च्या बटणापर्यंत

एक गाणे संपण्याआधी दुसरे त्याच लयीत त्याच्यात मिसळायचे आणि नाचणाऱ्याचे पाऊल थांबू द्यायचे नाही, हे डीजेचे मूळ काम. आज ते शिकायला एक लॅपटॉप, हेडफोन आणि एखादे मोफत सॉफ्टवेअर पुरते. पडद्यावर डावीउजवीकडे दोन ‘डेक’ दिसतात. मधे क्रॉसफेडर नावाची आडवी सरकपट्टी असते. ती सरकवली की आवाज एका डेकवरून दुसऱ्यावर जातो. दोन्ही गाण्यांचा वेग एका बटणाने जुळतो. या मांडणीतला बहुतेक भाग जुन्या यंत्रांकडून आलेला आहे, म्हणून सॉफ्टवेअरचा इतिहास तबकडीपासूनच सांगावा लागतो.

१९६०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधील ‘सँक्च्युअरी’ या क्लबात फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांचे ठोके जुळवून सलग संगीत वाजवत असे. सुई नेमक्या जागी टेकवायची, खालची थाळी फिरती ठेवून वरची तबकडी बोटाने अडवून धरायची आणि चालू गाण्याची सम आली की बोट उचलायचे, अशी त्याची रीत होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्स भागात कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगितली जाते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन त्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा आलटूनपालटून लांबवण्याची त्याची युक्ती आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लूप’ या बटणात उतरली आहे.

या कलेला साजेसे यंत्र जपानमधून आले. मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने १९७२ मध्ये ‘एसएल-१२००’ हा टर्नटेबल बाजारात आणला. त्यात पट्टा नव्हता. थाळी थेट मोटरवर बसवलेली होती. त्यामुळे बोट काढताच ती क्षणात पूर्ण वेग घेई. १९७९ च्या सुधारित आवृत्तीत वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी सरकपट्टी आली. एका गाण्यात मिनिटाला १२० ठोके आणि दुसऱ्यात १२६ असतील, तर पहिले ५ टक्के पुढे ढकलले की दोन्ही जुळत. मात्र तबकडीवर वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले असतात. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पांढरी एकमधले गाणे काळी एकमध्ये जाते. ही गाठ सोडवायला पुढे संगणकच लागला.

त्या काळी शिकणाऱ्याला दोन टर्नटेबल, एक मिक्सर आणि तबकड्यांच्या पेट्या लागत. शिवाय एका कानाने चालू गाणे आणि दुसऱ्या कानाने हेडफोनमधले येणारे गाणे ऐकण्याचा काही महिन्यांचा सराव. सीडी आल्यावर ओझे हलके झाले. १९९४ मध्ये पायोनियरने डीजेंसाठी ‘सीडीजे-५००’ हा प्लेअर काढला. गोव्यात वाट आणखी वेगळी होती. हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत उष्णता आणि धूळ तबकड्यांना मानवत नसे, म्हणून तिथले डीजे आधी कॅसेट आणि पुढे डिजिटल ऑडिओ टेप वापरत. टेपचा वेग सहज बदलता येत नसल्याने ठोके जुळवण्यापेक्षा तालविरहित सुरुवात आणि शेवट एकमेकांवर चढवण्याकडे कल राहिला. हाताशी असलेले यंत्र संगीताची घडण कशी ठरवते, याचा हा ठळक दाखला आहे.

संगणकाचा प्रवेश एमपी३ मुळे झाला. सीडीवरच्या एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. एमपी३ मध्ये ते साधारण एका मेगाबाइटमध्ये मावते. ‘एमपी३’ हे फाइलचे नाव १९९५ मध्ये ठरले आणि दशक संपेपर्यंत घरगुती संगणक अशी दोन गाणी एकाच वेळी उलगडून वाजवण्याइतके वेगवान झाले. त्या सुमारास ‘पीसीडीजे’सारखे कार्यक्रम आले. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने ‘ट्रॅक्टर’ काढले. ‘अ‍ॅटोमिक्स एमपी३’ या छोट्या कार्यक्रमाच्या पोटातून २००३ मध्ये ‘व्हर्च्युअल डीजे’ निघाले. घरगुती संगणकावर नवशिक्यांनी मिक्सिंगचे पहिले धडे गिरवले, ते बहुधा याच पिढीच्या सॉफ्टवेअरवर.

मुरलेल्या डीजेंना मात्र माऊसने गाणी जुळवणे रुचेना. त्यांच्यासाठी एन२आयटी या डच कंपनीने ‘फायनल स्क्रॅच’ तयार केले. यातल्या तबकडीवर गाणे नसून कालखुणांचा एक संकेत कोरलेला असे. सुई तो वाचून संगणकाला आपण कुठे आणि किती वेगाने आहोत हे सांगे, आणि संगणक त्याबरहुकूम एमपी३ फिरवी. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीने अमेरिकेतील रेन कंपनीसह ‘स्क्रॅच लाइव्ह’ आणले आणि ही पद्धत क्लबांमध्ये रुळली. तबकड्यांच्या पेट्या घरी राहिल्या. हाताची सवय मात्र कायम राहिली.

नवशिक्यांसाठी खरा बदल सॉफ्टवेअरच्या आतल्या गणितात झाला. गाणे उघडताच कार्यक्रम आवाजातले एकाएकी वाढणारे जोर शोधतो, ते किती अंतराने परत येतात हे मोजतो आणि मिनिटाला ठोके किती ते ठरवतो. मग गाण्याच्या आलेखावर ठोक्यांच्या उभ्या रेघा मारल्या जातात. त्याला ‘बीटग्रिड’ म्हणतात. ‘सिंक’चे बटण दाबले की एका गाण्याच्या रेघा दुसऱ्याच्या रेघांवर बसतात. सूर न बदलता वेग बदलणारे ‘की-लॉक’ही याच काळात सर्रास झाले. त्यामागचे एक मूळ तंत्र, फेज व्होकोडर, बेल लॅबमधील संशोधकांनी १९६६ मध्येच मांडले होते. ते गाणे चालू असताना चालवू शकणारा स्वस्त संगणक यायला तीनेक दशके गेली.

पैसे न मोजता शिकण्याची सोय एका विद्यापीठाच्या संशोधनातून झाली. कोपनहेगन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी काम करताना त्यू हास्ते अँडरसन यांनी डीजे आणि संगणक यांच्यातला दुवा कसा असावा हे तपासण्यासाठी ‘मिक्स’ हा मुक्तस्रोत कार्यक्रम सुरू केला. त्याच्या इंग्रजी नावात शेवटचे अक्षर तीनदा येते. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. आज तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मोफत चालतो. व्हर्च्युअल डीजेही बिगर-व्यावसायिक घरगुती वापरासाठी मोफत मिळते आणि सेराटोचीही मोफत ‘लाइट’ आवृत्ती आहे.

हाताला काहीतरी धरायला हवे, ही गरज कंट्रोलरने भागवली. त्यात स्वतःचा आवाज नसतो. त्याची चाके, बटणे आणि सरकपट्ट्या सॉफ्टवेअरला हुकूम देतात. हर्क्युलीसने २००३ मध्ये असा घरगुती ‘डीजे कन्सोल’ विकायला काढला. २०१० मध्ये आयपॅड आला आणि त्याच वर्षी जर्मनीच्या अल्गोरिडिम कंपनीचे ‘डीजे’ हे अ‍ॅप त्यावर उतरले. पडद्यावरची तबकडी बोटाने फिरवता येऊ लागली, आणि २०११ मध्ये या अ‍ॅपला अ‍ॅपलचा डिझाइन पुरस्कार मिळाला.

या सोयीच्या मर्यादा भारतीय गाण्यांत लगेच दिसतात. ठोके मोजणारे गणित मुळात चार मात्रांच्या, यंत्राने ठोकलेल्या नृत्यसंगीतावर बेतलेले आहे. जुनी हिंदी-मराठी चित्रपटगीते वादकांनी एकत्र बसून वाजवलेली असत, त्यामुळे कडव्यागणिक लय किंचित पुढेमागे होते आणि सुरुवातीला बसलेली रेघ अंतऱ्यात सरकते. सहा मात्रांच्या दादऱ्यातले गाणे चारच्या चौकटीत टाकले की सम चुकते. मिनिटाला ७० ठोक्यांचे गाणे सॉफ्टवेअर कधी १४० चे समजते. अशा वेळी मिक्स करणाऱ्याला रेघा हाताने दुरुस्त कराव्या लागतात किंवा सिंक बंद करून कानावर भिस्त ठेवावी लागते.

महाराष्ट्रात ‘डीजे’ या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. मिरवणुकीतल्या वाहनावर रचलेली स्पीकरची भिंत हाच इथे ‘डीजे’. पश्चिम महाराष्ट्रात तिला ‘डॉल्बी’ही म्हणतात. गणेशोत्सवात दरवर्षी होणारा वाद या भिंतीच्या आवाजाचा असतो आणि त्याला २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू होतात. निवासी भागासाठी त्यांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गाणी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचा या वादाशी थेट संबंध नाही. खोलीत हेडफोन लावून शिकणारा डीजे शेजाऱ्याला ऐकूही येत नाही.

अलीकडचा टप्पा गाणे सुटे करण्याचा आहे. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने गायन, ढोल, बेस आणि इतर वाद्ये वेगळी काढणारे ‘स्प्लीटर’ हे साधन खुले केले. वर्षभरातच डीजे अ‍ॅपमध्ये वाजत्या गाण्यातून गळा किंवा ताल काढून टाकण्याची सोय आली. पूर्वी अशा प्रयोगासाठी ध्वनिमुद्रण कंपनीकडच्या मूळ फिती लागत. आता घरातल्या संगणकावर एका गाण्याचे गायन दुसऱ्याच्या ठेक्यावर बसवता येते. सार्वजनिक कार्यक्रमात गाणी वाजवण्यासाठीचे परवाने मात्र यंत्र सोपे झाल्याने सुटत नाहीत.

वेग मोजणे, तो जुळवणे, सूर सांभाळणे आणि गाणे सुटे करणे ही कामे अशी एकेक करून हाताकडून यंत्राकडे गेली. कोणत्या गाण्यानंतर कोणते आणि समोरच्या लोकांपुढे ते नेमके केव्हा, हा निर्णय अजून माणसाकडेच असतो. ‘एसएल-१२००’ चे उत्पादन २०१० मध्ये थांबले होते. मागणी टिकून राहिल्याने २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले.