बाळंतिणीच्या दंडावरचा पट्टा

छत्रपती संभाजीनगरात रिक्षावाल्याला नुसतं ‘छावणी’ म्हटलं, की पुढचं काही सांगावं लागत नाही. गुरुवार असेल तर आठवडी बाजाराची गर्दी चुकवायला तो आपणच वाट वाकडी करतो. रोजच्या वापरात त्या नावाचा मूळ अर्थ कुणाच्या ध्यानात येत नाही. छावणं म्हणजे शाकारणं. पावसाळा लागला की मोहीम थांबे, शाकारलेल्या झोपड्या उभ्या राहत आणि फौज तिथे अंग टाकी. निजामाच्या राज्यात इथे, तेव्हाच्या औरंगाबादेला, हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी राहिल्या आणि मुक्कामाचं कायमचं गाव झालं. पण मोहीम संपली म्हणून छावणीतला पहारा उठत नसे. दमलेल्या फौजेवर घाला घालणं सोपं असतं.

मराठी घरातली बाळंतिणीची खोली ही अशीच एक छावणी. नऊ महिन्यांची मोहीम आटोपून लेक माहेरी टेकलेली असते. शेक, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, कानाला बांधलेला रुमाल. पहाराही असतो. पाचव्या रात्री पाटा-वरवंटा पुजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाणार म्हणून बायका जागतात. हा सगळा पहारा बाळावर. आणि याच सुमारास, बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान, आईचा रक्तदाब सर्वांत वर चढतो. जिला प्री-एक्लॅम्पसिया आहे, तिचं नशीब याच दिवसांत ठरू शकतं. तिच्यावर पहारा ठेवणारी वस्तू साधी आहे: दंडाला गुंडाळायचा, हवा भरायचा कापडी पट्टा. त्याची ही कुळकथा.

आधी रोगाच्या नावाकडे बघू. ‘एक्लॅम्पसिया’ हा शब्द ग्रीकमधून आला. त्याचा अर्थ लखकन चमकणं. गरोदर बाईला वीज कोसळावी तशी अचानक आकडी येते, म्हणून हे नाव. या आकडीची ओळख पटायला फार काळ गेला. कुणी तिला फेपरं म्हटलं, कुणी धनुर्वात, कुणी बाहेरची बाधा. सुश्रुतसंहितेत अपतानक नावाच्या झटक्यांचं वर्णन आहे. गर्भपातानंतर किंवा अति रक्तस्रावानंतर येणारा अपतानक बरा होत नाही, असा निर्वाळाही आहे. युरोपात सोव्हाज या फ्रेंच वैद्याने १७३९ साली एक्लॅम्पसिया आणि फेपरं वेगळी केली. फेपरं जुनाट, ही आकडी त्या प्रसंगापुरती.

पण नावातली वीज थोडी फसवी आहे. ही वीज अनेकदा आभाळ भरून आल्याशिवाय पडत नाही. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘डोळ्यांपुढे काजवे चमकले.’ आकडीच्या आधी पुष्कळ बायका नेमकं हेच सांगतात. चमक दिसते, नजर अंधुक होते, डोकं फुटेल असं दुखतं, उजव्या बरगडीखाली कळ येते. आभाळ भरलंय हे ओळखायचं कसं, यातच या पट्ट्याचं मूळ आहे.

पहिला धागा मिळाला लघवीत. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइटने सूज, मूत्रपिंडाचा विकार आणि लघवीतली प्रथिनं यांचं नातं १८२७ साली मांडलं होतं. तिथल्याच जॉन लीव्हरला झटके आलेल्या बाळंतिणींच्या सुजलेल्या चेहऱ्यांत ब्राइटचेच रोगी दिसले. त्याने त्यांची लघवी नळीत घेऊन तापवली. अंड्याचा पांढरा बलक उकळत्या पाण्यात गोठावा तशी ती गढूळ झाली. बाळंतपणानंतर हा गढूळपणा ओसरतो, हेही त्याला दिसलं. साल होतं १८४३. मूत्रपिंडाच्या कायमच्या दुखण्यापेक्षा हे वेगळं, गरोदरपणाशी बांधलेलं काही आहे, एवढं त्यावरून ठरलं.

दुसरा धागा रक्तदाबाचा. तो मोजायची जुनी रीत रक्तरंजित होती. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने घोडीच्या धमनीत नळी खुपसली आणि काचेच्या उंच नळीत रक्त आठ फुटांहून वर चढलेलं पाहिलं. ते त्याने १७३३ साली छापलं. पुढे पाऱ्याची नळी आली. मग १८४७ साली कार्ल लुडविगने फिरत्या नळकांड्यावर दाबाची रेघ उमटवणारं यंत्र केलं. तरी धमनी उघडावीच लागे. अशी मोजणी जनावरावर होई. बाळंतिणीवर कोण करणार?

इथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. झटके आलेल्या बाईला त्या काळी क्लोरोफॉर्म हुंगवत. तोच क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियेत माणसं मारतो का, आणि मारतो तर हृदय आधी थांबतं की श्वास, यावर वैद्यकविश्वात मोठा वाद पेटला होता. हैदराबादच्या रेसिडेन्सीतला सर्जन एडवर्ड लॉरी श्वासाच्या बाजूचा. सहाव्या निजामाने पैसा पुरवला आणि १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन हा डॉक्टर आला. कुत्री, माकडं अशा शेकडो जनावरांचा रक्तदाब कागदावर रेघांनी उमटवला गेला. लॉरीचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. क्लोरोफॉर्म हृदयही बंद पाडतो हे १९११ साली सिद्ध झालं. पण औरंगाबाद ज्या राज्यात होतं, त्याच राज्यात कुत्र्याचा रक्तदाब कळत होता आणि झटक्यांनी तडफडणाऱ्या बाईचा कळायची सोपी, भरवशाची सोय नव्हती, ही तेव्हाची स्थिती.

ती सोय सात वर्षांनी झाली. १८९६ साली इटलीतल्या तुरिनमध्ये शिपिओने रिवा-रोच्ची या डॉक्टराने सायकलची ट्यूब, शाईची दौत, तांब्याची नळी आणि पारा असं घरगुती सामान जोडून यंत्र बनवलं. ट्यूब दंडाला बांधायची, हवा भरायची, मनगटाची नाडी थांबली की पारा वाचायचा. धमनीला टाचणीही लागत नाही. ट्यूब अरुंद होती, त्यामुळे आकडा जास्त यायचा. १९०१ साली फॉन रेक्लिंगहाउझनने ती रुंद केली. बारीक दंडाला मोठा आणि जाड दंडाला लहान पट्टा लावू नये हा आजचा नियम तिथपासूनचा.

मात्र नाडी थांबण्यावरून वरचाच आकडा कळे. खालचा आकडा ऐकायला शिकवलं ते एका फौजी डॉक्टराने. निकोलाय कोरोत्कोव हा रशियन सर्जन रशिया-जपान युद्धातल्या जखमी सैनिकांच्या फाटलेल्या धमन्यांवर काम करत होता. हवा सोडताना कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवला तर ठोके ऐकू येऊ लागतात आणि मग विरतात, हे त्याने १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत जेमतेम पानभर टिपणात सांगितलं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर कानात नळ्या घालून जे ऐकते, ते हेच. सैनिकांच्या जखमांतून निघालेली विद्या बाळंतिणींच्याही उपयोगी पडली.

दरम्यान १८९७ साली पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांनी दाखवलं होतं, की एक्लॅम्पसियाच्या बाईचा रक्तदाब वाढलेला असतो. लघवी आणि दाब, दोन्ही धागे जुळले. आकडी येण्याआधीच्या अवस्थेला नाव मिळालं, प्री-एक्लॅम्पसिया. बरी दिसणारी, तक्रार नसलेली गरोदर बाई पुन्हा पुन्हा तपासायची ही प्रथा विसाव्या शतकात रुजली, तिच्या मुळाशी मोठं कारण हेच. आजाराची ही अवस्था बाईला स्वतःला जाणवेलच असं नाही, पट्ट्याला जाणवते.

आत बिघडतं ते वारेत. वार गर्भाशयात रुजते तेव्हा आईच्या वळणदार धमन्या रुंद व्हायला हव्यात. त्या अरुंद राहिल्या की वारेला रक्त कमी पडतं. मग ती आईच्या रक्तात असे घटक सोडते, की सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. त्यातल्या एका प्रथिनाचा हात २००३ साली भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. म्हणून हा नुसता ‘बीपीचा त्रास’ नाही. मूत्रपिंड, यकृत, मेंदू, फुप्फुसं, रक्तातल्या प्लेटलेट, सगळ्यांवर घाला येतो. बाळाची वाढ खुंटते. लघवीत प्रथिनं नसतानाही हा आजार असू शकतो.

इलाजाचीही अशीच लांब वाट. मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांची गुंगीच्या तीन औषधांची मिसळ १९६१ पासून भारतात गाजली. तिकडे अमेरिकेत प्रिचर्ड यांनी मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे आपलं जुलाबाचं एप्सम मीठ, इंजेक्शनने देण्याची पद्धत बसवली. आकडी थांबवायला कुठलं औषध सरस, या वादात १९९५ साली भारतासह अनेक देशांतल्या १,६८७ बायकांच्या चाचणीने मॅग्नेशियमच्या बाजूने कौल दिला. मॅग्नेशियमने पुन्हा आकडी येणं डायझेपाम या गुंगीच्या औषधाच्या तुलनेत निम्म्याहून कमी झालं. २००२ च्या दुसऱ्या चाचणीत, १०,१४१ बायकांत, आकडी यायच्या आधीच ते दिलं तर धोका ५८ टक्के घटतो हे दिसलं. अमेरिकन बाईच्या वजनावर बेतलेली मात्रा आपल्या बारीक बायकांना जड पडते म्हणून डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ साली कमी मात्रेची पद्धत मांडली. मूळ रोगावर मात्र वार बाहेर येणं हाच उपाय.

आणि इथेच घरोघर चूक होते. वार पडली, सुटलो, असं सगळ्यांना वाटतं. वारेने रक्तात सोडलेलं लगेच निवळत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन दिवसांत धोका मोठा, पण प्री-एक्लॅम्पसिया पुढच्या सहा आठवड्यांपर्यंत उपटू शकतो. गरोदरपणात बीपी अगदी ठीक असलेल्या बाईलाही. सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिना, वर चार दिवस. या काळात बाळंतिणीचं डोकं दुखलं तर घरात उत्तरं तयार असतात: वारा लागला, झोप झाली नाही, बाळ रात्रभर रडतंय. डोक्याला आणखी एक फडकं बांधलं जातं.

पट्टा घरात आणणं आज कठीण नाही. पाऱ्याचं यंत्र मागे पडून बॅटरीवरचं आलं, जरी मोजमाप अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच चालतं. पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, तोंड बंद. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त दिसला तर डॉक्टरला त्याच दिवशी दाखवा. वरचा १६० किंवा खालचा ११० वा त्याहून जास्त दिसला, अथवा डोकेदुखी, काजवे, बरगडीखालची कळ, धाप यांतलं काही असलं, तर वेळ न दवडता १०८ ला फोन करा. आकडी आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा कांदा कोंबू नका.

सरकारी व्यवस्थेतही पहाऱ्याच्या जागा आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाईची तपासणी मोफत होते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. अवघड बाळंतपणासाठी मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगरात १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजूबाजूच्या जिल्ह्यांतही त्याला ‘घाटी’ म्हणूनच ओळखतात. माहेरी जाताना लेकीची तपासणीची कागदपत्रं आणि बीपीच्या गोळ्या बरोबर द्या. ‘आता बाळंतपण झालं’ म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. पहिलटकरीण, जुळी, आधीचं बीपी किंवा साखर, मागच्या खेपेला हाच त्रास, अशी काही नोंद असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना ऍस्पिरिन आणि कॅल्शियमविषयी विचारा. आणि ज्या बाईला हा त्रास होऊन गेला, तिने पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा बीपी मोजून घ्यावं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका तिला इतरांपेक्षा जास्त असतो.

पाचवी पुजायची तर जरूर पुजा. सटवाईसाठी कागद ठेवाल, त्यावर बाळाच्या आईचे बीपीचे दोन आकडे आधी लिहून ठेवा.