परवान्याचं पिस्तूल बाळगताना: चुकून गोळी सुटू नये म्हणून काय करावं, काय टाळावं

परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणारे लोक आपल्याकडे तसे थोडेच. कुणी सराफ, कुणी बांधकाम व्यावसायिक, कुणी निवृत्त जवान, कुणी कॅश व्हॅनवरचा सुरक्षारक्षक. पण ज्या घरात असं हत्यार येतं त्या घरात बायको-मुलं, म्हातारे आईवडील, कामाला येणारी बाई आणि पाहुणेही असतात. परवाना एकाच्या नावावर असतो, धोका मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो. हत्यार घ्यावं की घेऊ नये, या वादात आम्ही इथे पडत नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोगी पडेल अशी माहिती एका ठिकाणी द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. चुकून सुटणारी गोळी शत्रूसमोर सुटत नाही. ती सुटते हत्यार कपाटात ठेवताना, कमरेला लावताना, रिकामं करताना, साफ करताना किंवा खाली पडलेलं उचलताना. म्हणून हत्यार जितकं कमी हाताळाल तितकं बरं, आणि हाताळावंच लागलं तर दर वेळी एकाच ठरलेल्या क्रमाने हाताळावं.

‘मिसफायर’ म्हणजे काय?

आपल्या बातम्यांमध्ये चुकून गोळी सुटली की ‘मिसफायर झालं’ असं लिहिलं जातं. खरा अर्थ उलटा आहे. चाप ओढला तरी काडतूस उडालं नाही, त्याला मिसफायर म्हणतात. हा फरक नुसता शब्दांचा नाही. चाप ओढूनही आवाज झाला नाही तर काडतूस वाया गेलं असं समजून लोक हत्यार फिरवून नळीत डोकावतात. क्वचित काडतूस काही क्षण उशिराने पेटतं. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेलाच धरून किमान अर्धा मिनिट थांबावं, मगच हत्यार रिकामं करावं.

तीन घटना, तीन धडे

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईतल्या जुहूच्या घरातून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटली, असं त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं. गोळी पायात गुडघ्याखाली लागली. ती काढावी लागली आणि काही दिवस रुग्णालयात राहावं लागलं. धडा असा की घाईची वेळ असताना भरलेलं हत्यार हातात घेऊ नये. ते भरलेलं ठेवायचंच कशाला, हा त्याच्याही आधीचा प्रश्न.

दुसरी घटना अमेरिकेची. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथला नावाजलेला फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये होता. ग्लॉक पिस्तूल त्याने होल्स्टरशिवाय, सैल पँटच्या कमरेत नुसतं खोचलं होतं. ते खाली घसरलं आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. त्या शहराचा परवाना नसल्याने त्याला दोन वर्षांची शिक्षाही झाली.

तिसरी घटना जून २०१८ मधली, अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहरातली. एफबीआयचा एक अधिकारी सुट्टीच्या वेळेत एका बारमध्ये नाचत होता. मागे कोलांटी मारताना कमरेचं पिस्तूल जमिनीवर पडलं. पडताना गोळी सुटली नाही. ती सुटली त्याने झडप घालून ते उचललं तेव्हा, आणि शेजारच्या माणसाच्या पायाला लागली. प्रशिक्षित माणसाचीही ही गत होते, तर आपली काय कथा?

यंत्र आतून कसं चालतं

काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. तिच्यावर जोराचा ठोका बसला की आतली दारू पेटते. हा ठोका रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याने बसतो, पिस्तुलात आतल्या पिनेने. ठोका चाप ओढल्यामुळे बसला की पडल्यामुळे, हे काडतुसाला कळत नाही.

जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला राहतो. असं हत्यार घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू शकते. म्हणून १८७३ च्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरसारखी हत्यारं बाळगणारे जाणते लोक सहा घरांत पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. अमेरिकेच्या रुगर कंपनीने १९७३ पासून आपल्या अशा रिव्हॉल्व्हरमध्ये, चाप पूर्ण ओढल्याशिवाय ठोका पोहोचूच नये म्हणून एक पट्टी बसवायला सुरुवात केली. आपल्याकडे वडिलोपार्जित परवान्यावर चालत आलेली जुनी हत्यारं बऱ्याच घरांत आहेत. त्यांत अशी सोय आहे का, ती अजून नीट चालते का, हे परवानाधारक शस्त्रदुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्यावं. घरी स्क्रू खोलून बघू नये.

नवीन पिस्तुलांत पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आत अडसर असतात. तरीही २०१७ मध्ये सिग सावर कंपनीने पी३२० या आधुनिक पिस्तुलात, विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटू नये म्हणून मोफत सुधारणा जाहीर केली. म्हणजे ‘माझं नवीन आहे, त्याला काही होत नाही’ हा भरवसा कामाचा नाही. सेफ्टीचं बटण ही मदत आहे, हमी नाही.

चार सवयी

अमेरिकेतले प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम आज जगभर शिकवले जातात. आमच्या शब्दांत ते असे:

१. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरून चाला. ‘रिकामं आहे’ असं कुणी सांगितलं तरी स्वतः बघा.

२. ज्याला इजा होऊ नये असं वाटतं, त्याच्याकडे नळी क्षणभरही वळवू नका. यात तुमचा स्वतःचा पाय आणि डावा हातही आला. भिंतीपलीकडे शेजारी राहतात, हेही लक्षात ठेवा.

३. नेम धरून गोळी झाडायचं ठरेपर्यंत बोट चापावर नको. ते सरळ, चापाच्या कडीबाहेर ठेवा.

४. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, ते ओळखा.

तिसऱ्या नियमामागे शरीराचं कारण आहे. माणूस दचकला, तोल गेला किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडलं की हाताची बोटं आपोआप आवळली जातात. त्या क्षणी बोट चापावर असेल तर इच्छा नसतानाही चाप ओढला जातो. बोट बाहेर असेल तर काही होत नाही.

रिकामं करण्याचा क्रम

पिस्तूल रिकामं करताना क्रम चुकला की घात होतो. आधी नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर. मग मॅगझिन काढा. त्यानंतर वरची स्लाइड मागे ओढा, म्हणजे चेंबरमधलं काडतूस बाहेर पडेल. ते हवेत झेलायला जाऊ नका, जमिनीवर पडू द्या. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. पुन्हा एकदा बघा.

आता उलट करून पाहा. आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये नेऊन बसवते. मग मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं, झालं रिकामं. प्रत्यक्षात एक गोळी आत तयार असते, आणि बरीच पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ती झाडतात. काही पिस्तुलं साफ करायला उघडताना चाप दाबावाच लागतो. तिथे हीच चूक जिवावर बेतते.

रिव्हॉल्व्हरचं त्या मानाने सोपं. सिलिंडर उघडा, सगळी काडतुसं काढा, मोजा, प्रत्येक घरातून उजेड दिसतो का बघा. साफसफाई करताना काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मधेच फोन आला किंवा दारावर कुणी आलं, तर परतल्यावर पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासा.

अंगावर बाळगताना

कमरेला पँटमध्ये नुसतं खोचणं, खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकणं, बाइकवर पाठीमागे पट्ट्यात अडकवणं हे सगळे प्रकार बंद करा. होल्स्टर त्याच हत्याराच्या मापाचा हवा, चापाभोवतीची पूर्ण कडी झाकणारा आणि हत्यार धरून ठेवणारा. जुन्या चामड्याचा होल्स्टर मऊ पडून त्याची कड आत दुमडते. ती चापात अडकू शकते. असा होल्स्टर टाकून द्या.

हत्यार परत होल्स्टरमध्ये ठेवण्याची घाई कधीच नसते. शर्टाचं टोक, जॅकेटची दोरी, ओढणीची कड मध्ये येत नाही ना, हे डोळ्यांनी बघून सावकाश ठेवा. थोडंही अडलं तर जोर लावू नका, बाहेर काढून बघा. स्वच्छतागृहात चापाच्या कडीतून हत्यार खुंटीला अडकवणं हा तर अपघाताला आवतण देण्याचा प्रकार आहे.

ही खबरदारी नवी नाही. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाताना कुणाला इजा होऊ नये म्हणून त्यांची टोकं हातात धरावीत, आणि आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे. हत्यार बदललं, तत्त्व तेच राहिलं. वजू, रुकू, सजदा करताना कमरेचं हत्यार सैल होऊन पडू शकतं. गर्दीच्या ठिकाणी, विशेषतः लग्नात आणि नमाजला, ते घरी कुलपात ठेवून जाणंच शहाणपणाचं. रक्षकाने ड्यूटीचं हत्यार रीतसर जमा करून मगच जावं.

पर्सचा धोका वेगळा आहे. ३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधल्या पिस्तुलाला हात घातला. गोळी लागून आई जागीच गेली. पिस्तूल परवान्याचंच होतं.

हातातून निसटलं तर

पडू द्या. झेलायला जाऊ नका, कारण झेलताना बोट थेट चापावर जातं. जमिनीवर स्थिर झाल्यावर, बोट कडीबाहेर ठेवून, नळी माणसांपासून दूर राहील असं उचला, रिकामं करा आणि तपासून घ्या.

घरात

हत्यार रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. उशीखाली, गादीखाली, कपड्यांच्या घडीत ठेवलेलं हत्यार मुलांना सापडतंच. आम्ही शाळेत रोज बघतो, मुलांपासून लपवलेली वस्तू त्यांना मोठ्यांच्या आधी ठाऊक असते. मुलांना चार गोष्टी पाठ करून द्या: थांब, हात लावू नको, तिथून नीघ, मोठ्यांना सांग. पण एवढं शिकवलं म्हणून कुलूप काढू नका. पाच वर्षांच्या पोराच्या आठवणीवर जीव टांगता ठेवता येत नाही.

कायदा काय म्हणतो

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण लागतं. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात किंवा मिरवणुकीत आनंदाने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हलगर्जीपणाने कुणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ‘चुकून झालं’ म्हटल्याने जबाबदारी टळत नाही. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायला सांगितलं, तर ते घरीच रिकामं करून, काडतुसं वेगळी घेऊन ठाण्यात जा. ठाण्याच्या टेबलावर रिकामं करायला घेऊ नका.

गोळी लागलीच तर

हत्यार आधी बाजूला, सुरक्षित ठेवा. ११२ किंवा १०८ ला फोन करा. जखमेवर स्वच्छ कापडाने जोरात दाब द्या आणि तो सोडू नका. गोळी उकरून काढायचा प्रयत्न करू नका. रुग्णालयात आणि पोलिसांना खरं ते सांगा. बदनामीच्या भीतीने घालवलेला अर्धा तास रक्ताने मोजावा लागतो.

ज्या घरी हत्यार आहे त्या घरातल्या मोठ्यांनी आज रात्री एवढंच करावं: ते कुठे आहे, भरलेलं आहे का आणि किल्ली कुणाकडे आहे, हे तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत. एकाचंही उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर ते ठीक केल्याशिवाय झोपू नये.